कोड लिहायचा एडिटर: तयार सेटअप घ्यावा की रिकाम्या फाइलपासून स्वतः घडवावा?

पारसिक

मंडळी, दर रविवारी सकाळी कळव्यात सोसायटीच्या हॉलमध्ये डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगची काही मुलं जमतात. मी त्यांना पायथन आणि थोडं सी शिकवतो. बहुतेकांचे लॅपटॉप दादाकडून नाहीतर काकांकडून आलेले, रॅम ४ जीबी, म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट २२ टाकलंय. पुढच्या रविवारपासून प्रत्येकाचा एडिटर नीट लावून द्यायचा आहे आणि इथेच माझं नि माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मित्राचं पटत नाहीये.

तो म्हणतो, एक चांगला तयार सेटअप पेनड्राइव्हवर घेऊ आणि सगळ्यांच्या मशीनवर उतरवू. थीम, ऑटोकम्प्लीट, डावीकडे फाइलींची यादी, सगळं पहिल्या दिवसापासून हाताशी. माझं मत उलट आहे. कॉन्फिगची, म्हणजे एडिटरच्या सेटिंगची फाइल रिकामी ठेवायची. काम करताना जे खटकेल तेवढ्यासाठीच एक ओळ लिहायची आणि ती काय करते हे शेजारी स्वतःच्या शब्दांत कॉमेंट म्हणून टाकायचं.

माझी निओव्हिमची (व्हिम या जुन्या एडिटरचा नवा अवतार, टर्मिनलमध्ये चालतो) फाइल अशीच वाढली. एरर ओळ क्रमांक सांगते आणि स्क्रीनवर क्रमांकच नाहीत, म्हणून पहिली ओळ आली. मग टॅबऐवजी चार स्पेस. मग शोधताना कॅपिटल-स्मॉलचा भेद न करणं. मग अनडूचा इतिहास डिस्कवर साठवणं, म्हणजे फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी मागे जाता येतं. प्लगइनची, म्हणजे वरून जोडायच्या भागांची पाळी त्यानंतर आली. आज ऐरोलीला ऑफिसात त्याच फाइलवर दिवसभर काम करतो आणि त्यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे हे मला सांगता येतं. मुलांनाही हेच मिळावं असं मनापासून वाटतं.

तुमचे अनुभव सांगा. एडिटर कोणता, हेही सांगा. मुलं कॉमेंट मराठीत लिहितात, त्यामुळे देवनागरी नीट दिसणंही गरजेचं आहे.

घणसोली_लोकल

+१. वाचतोय. आवडता विषय आहे, रात्री सविस्तर लिहितो.

वागळे_इस्टेट

पारसिक, उपक्रम फार चांगला, पण मत पटलं नाही. मुलगा अजून फॉर लूप शिकतोय. त्याला आधी लिहिलेलं चालवून बघू दे, डीबगर लावून एकेक ओळ पुढे सरकताना व्हेरिएबल कसा बदलतो ते डोळ्यांनी पाहू दे. हे कळणं एडिटरच्या फाइलीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. माझ्या टीममध्ये नवीन आलेल्यांना मी मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर देतो आणि त्याच दिवशी ते कामाला लागतात. एडिटरची हौस ज्याला असते तो पुढे आपणहून करतो.

शिवाय ‘खटकेल तेव्हा ओळ लिहा’ यासाठी आधी खटकायला हवं ना! ऑटोकम्प्लीट कधी पाहिलंच नसेल तर ते नाही याची बोच कशी लागणार?

मुक्तछंदी

वागळे, एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण शिकवताना ती महत्त्वाची आहे. व्हीएस कोडचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण जे डाउनलोड करतो त्याचं लायसन्स वेगळं आहे आणि त्यात टेलिमेट्री, म्हणजे आपल्या वापराची माहिती कंपनीला पाठवणं, येते. तोच सोर्स टेलिमेट्रीशिवाय बिल्ड करून मिळतो तो व्हीएसकोडियम. दिसायला, वापरायला तसाच.

फरक एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या सोयींमध्ये पडतो. व्हीएसकोडियमला मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस वापरता येत नाही. तो ओपन व्हीएसएक्स वापरतो, जे एक्लिप्स फाउंडेशनकडे आहे. पायथनसाठी सगळे सुचवतात ते पायलान्स खुलं नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या उत्पादनांबाहेर वापरायची मुभा नाही. दूरच्या मशीनवर काम करायच्या रिमोट एसएसएच एक्स्टेंशनचंही तसंच. त्याऐवजी बेस्डपायराइट घ्या. सी साठी क्लँगडी आणि डीबगिंगला कोडएलएलडीबी. तिन्ही खुली आहेत, तिन्ही ओपन व्हीएसएक्सवर मिळतात.

मुलांना ‘मुक्त साधनं’ म्हणून शिकवत असाल तर फुकट आणि खुलं यातला फरक पहिल्याच रविवारी सांगून टाका. अ‍ॅटम हा एडिटर आठवतो ना? गिटहबने १५ डिसेंबर २०२२ ला तो बंद केला. सोर्स खुला होता म्हणून लोकांनी पुढे नेला, आज पल्सार नावाने चालू आहे. बंद लायसन्सचा असता तर विषय तिथेच संपला असता.

वागळे_इस्टेट

माहितीबद्दल आभार. व्हीएसकोडियम द्यायला माझी काहीच हरकत नाही. मूळ मुद्दा मात्र कायम आहे.

नेरूळची_सई

इमॅक्स एडिटरवाली आली, खुर्च्या सरकवा. :)

वागळे आणि पारसिक, तुमच्या भांडणाचं मूळ जुन्या काळात आहे असं मला वाटतं. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. इमॅक्सचा पायथन मोड वेगळा, व्हिमचा वेगळा, आणि दोन्ही अर्धवट. म्हणून कॉन्फिग हजार ओळींचे व्हायचे. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला आणि हे चित्र पालटलं. आता भाषेचं ज्ञान एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असतं. क्लँगडी सी जाणतो, गोपल्स गो जाणतो, रस्ट-अ‍ॅनालायझर रस्ट जाणतो. एडिटर त्याला फक्त विचारतो: इथे काय सुचवू, हे फंक्शन कुठे लिहिलंय, ही चूक आहे का? तोच क्लँगडी तुमच्या व्हीएसकोडियमला उत्तर देतो आणि माझ्या इमॅक्सलाही.

त्यामुळे रिकाम्या फाइलपासून सुरुवात केली म्हणजे सोयींना मुकलो असं राहिलेलं नाही. इमॅक्स २९ (२०२३) पासून एगलॉट, म्हणजे लँग्वेज सर्व्हरशी बोलणारा भाग, आतच येतो. मिंट २२ च्या भांडारात इमॅक्स २९ च आहे, म्हणजे बाहेरून काही आणायला नको. भाषेचा सर्व्हर टाकला, एगलॉट सुरू केला, झालं. एक ओळ.

देवनागरीचं: इमॅक्स २७ पासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतो. खिडकीतला इमॅक्स (टर्मिनलमधला नव्हे) जोडाक्षरं व्यवस्थित दाखवतो. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबून देवनागरी इनस्क्रिप्ट निवडलं की सिस्टमचा कीबोर्ड न बदलता मराठी टाइप होतं, आणि कमांड देताना आपोआप इंग्रजीच राहतं. हे सुख दुसरीकडे मला मिळालेलं नाही.

खारघर_टेकडी

सईताईंनी ‘टर्मिनलमधला नव्हे’ म्हटलं ते अधोरेखित करतो. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी, प्रत्येक अक्षराला एक किंवा दोन घरं. देवनागरी त्या जाळीत बसत नाही. ‘क्षि’ घ्या: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार, अशी चार युनिकोड चिन्हं आणि दिसायला एक अक्षर, त्यातही इकार उच्चारात शेवटी आणि कागदावर आधी. टर्मिनल किती घरं धरतं आणि व्हिम किती धरतो यात फरक पडला की कर्सर एकीकडे आणि खोडलं जातं भलतीकडे. पारसिक, मराठी कॉमेंट असतील तर टर्मिनलमधला निओव्हिम मुलांना देऊ नका. केट बघा. केडीई या खुल्या प्रकल्पाचा एडिटर आहे, हलका आहे, देवनागरी स्वच्छ दाखवतो आणि लँग्वेज सर्व्हरशी बोलतो. सेटिंगमध्ये एलएसपी (लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल) क्लायंटचं प्लगइन टिकमार्क केलं की क्लँगडी मशीनवर असेल तर आपोआप जोडून घेतो.

तलावपाळी

मराठी कॉमेंट कशाला पण? कॉलेजात सर म्हणतात सगळं इंग्रजीतच लिहा, कंपनीत तेच लागतं.

पारसिक

तलावपाळी, आधी विचार मराठीत मांडायचा आणि खाली कोड लिहायचा असा आमचा रिवाज आहे. ‘यादीतली सगळ्यात मोठी किंमत धरून ठेव, पुढची मोठी असेल तर बदल.’ एवढं स्वतःच्या भाषेत नीट लिहिता आलं की कोड निम्मा झालेला असतो. इंग्रजी कॉमेंट नंतर शिकता येतात. डोक्यातला गोंधळ मात्र तिथल्या तिथे सुटायला हवा.

खारघर_टेकडी

अवांतर, पण मुलांना आवडेल. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नावही देवनागरीत चालतं. ‘बेरीज’, ‘सरासरी’ सरळ लिहा. एकच खोच आहे. ‘पायऱ्या’सारखा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, ते चालतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण दुसऱ्यावर पायथन सिंटॅक्स एरर देतो. अशा वेळी एडिटरची ओळख कामी येते. व्हिममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ए दाबलं की त्याचे युनिकोड क्रमांक दिसतात, इमॅक्समध्ये डिस्क्राइब-कॅर हेच करतं.

नेरूळची_सई

खारघर, सुंदर! माझ्या मुलाचा प्रोग्रॅम याच कारणाने अडला होता, आज उलगडा झाला. वाचनखूण साठवली.

महापे_रात्रपाळी

मी डेटा सेंटरमध्ये असतो, रात्री सर्व्हर सांभाळतो. त्या बाजूने थोडं.

सर्व्हरवर तुमची कॉन्फिग नसते. तिथे असतो साधा व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, कधी त्याची सगळ्यात छोटी आवृत्ती. पहाटे तीनला काही बंद पडलं की तिथल्या फाइलीत दोन ओळी बदलायच्या असतात आणि ते हाताला यायला हवं. म्हणून माझा नियम आहे: मूळ कळांचे अर्थ बदलायचे नाहीत. नवीन काही जोडायचं तर स्पेस दाबून पुढे, म्हणजे जुन्याला धक्का नाही. पारसिक, तुमची ‘खटकेल ते बदला’ ही पद्धत मला आवडली, पण मुलं कळाच बदलायला लागली तर थांबवा. हाताची सवय स्वतःच्या लॅपटॉपपुरती राहील आणि परक्या मशीनवर बोटं अडखळतील.

दुसरं, कॉन्फिग पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवायला लावा. एका फोल्डरमध्ये सगळ्या फाइली आणि जीएनयू स्टो वापरून होम फोल्डरमध्ये त्यांच्या सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे नेणारे दुवे. बदल का केला ते कमिटच्या संदेशात. गिट शिकवायला याहून चांगलं निमित्त सापडायचं नाही, कारण रेपॉझिटरी त्यांची स्वतःची आहे आणि बिघडली तर नुकसान कुणाचं नाही.

तिसरं, दर काही दिवसांनी एडिटर कॉन्फिगशिवाय उघडून काम करून पाहायचं. निओव्हिमला क्लीनचा पर्याय आहे, इमॅक्सला कॅपिटल क्यू. काही विचित्र वागायला लागलं तर दोष आपल्या कॉन्फिगचा की एडिटरचा हेही याच वाटेने कळतं.

कोपरीकर

रात्रपाळीच्या नियमाला माझा एक अपवाद: कॅप्स लॉक. हे एडिटरमध्ये बदलायचं नाही, कीबोर्डच्या पातळीवर बदलायचं. लिनक्सवर कीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. कॅप्स लॉक नुसता दाबला तर एस्केप आणि धरून ठेवला तर कंट्रोल. मनगटाच्या दुखण्यावर फिजिओथेरपी सुरू असताना हा बदल केला आणि करंगळीचा ताण खरोखर उतरला. मुलं विशीतली आहेत, आत्ताच ही सवय लागली तर पुढे त्रास वाचेल.

गंमत म्हणून: बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तेव्हा ते एडीएम-३ए टर्मिनल वापरत. त्यावर एस्केप आज जिथे टॅब असतो तिथे होतं, करंगळीच्या शेजारी. आणि बाण छापलेले होते एच, जे, के, एल या कळांवर. कर्सर हलवायला ही चार अक्षरं का, याचं उत्तर तिथे आहे. टर्मिनल गेलं, एस्केप लांब कोपऱ्यात गेलं, कळा राहिल्या.

ऐकणारा

नमस्कार. मला दिसत नाही, स्क्रीनरीडरवर काम करतो. सीवूड्सला राहतो, बॅकएंडचं काम आहे.

थीम आणि फॉन्टची चर्चा नेहमीच होते, पण माझ्यासाठी कॉन्फिग म्हणजे काय ऐकू यावं आणि काय येऊ नये हे ठरवणं. पायथनमध्ये इंडेंट हाच अर्थ आहे. एनव्हीडीए या खुल्या स्क्रीनरीडरमध्ये इंडेंट स्वरांतून ऐकवायची सोय आहे. ओळ आत गेली की स्वर बदलतो. शब्दांत ‘आठ स्पेस’ ऐकण्यापेक्षा हे कितीतरी जलद कळतं. उलट ऑटोकम्प्लीटची खिडकी दर अक्षराला उघडली की बडबड सुरू होते आणि मी टाइप करत असलेला शब्दच हरवतो. ते मी बंद ठेवलंय, मागितलं तरच येतं. तयार सेटअप हे सगळं उलटं लावून देतात. म्हणून माझं मत पारसिक यांच्या बाजूने.

आणि इमॅक्सचा विषय निघालाच आहे तर टी. व्ही. रामन यांचं नाव घ्यायलाच हवं. पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, पुणे विद्यापीठातून गणित, मग आयआयटी मुंबई, पुढे कॉर्नेलला पीएचडी. त्यांनी इमॅक्सस्पीक लिहिलं, १९९५ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिलं. ते पडद्यावरचं नुसतं वाचून दाखवत नाही. इमॅक्सच्या आत बसून कॉमेंट एका आवाजात आणि स्ट्रिंग दुसऱ्या आवाजात बोलतं, म्हणजे तुम्हाला जे रंगातून दिसतं ते मला कानाने मिळतं. एडिटरचं पोट उघडं होतं आणि आत हात घालता येत होता, म्हणूनच हे शक्य झालं. खुल्या साधनांचं माझ्या आयुष्यातलं महत्त्व यापेक्षा वेगळं सांगायची गरज नाही.

मुक्तछंदी

ऐकणारा, हा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचं चीज झालं. मनापासून आभार.

वागळे_इस्टेट

+१००. ऑटोकम्प्लीटचा हा पैलू माझ्या ध्यानातच आला नव्हता. टीममध्ये सेटअपचा दस्तऐवज आहे, त्यात स्क्रीनरीडरसाठी वेगळा भाग घालतो. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का?

ऐकणारा

जरूर.

ऐरोली_नॉलेजपार्क

ऑफिसच्या बाजूने एक सावधगिरी. एक्स्टेंशन किंवा प्लगइन तुमच्या लॉगिनच्या पूर्ण अधिकाराने चालतं. तुमच्या एसएसएच किल्ल्या (सर्व्हरवर शिरायच्या गुप्त फाइली) वाचू शकतं, फाइली बाहेर पाठवू शकतं. दहा मिनिटांत तीस प्लगइन टाकायची सवय मुलांना लागू देऊ नका. कुणी लिहिलंय, सोर्स कुठे आहे, शेवटचा बदल कधीचा, एवढं बघायला शिकवा. निओव्हिमवर लेझी डॉट एनव्हिम हा प्लगइन मॅनेजर वापरत असाल तर त्याची लॉकफाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे सगळ्यांकडे नेमकी तीच आवृत्ती राहते आणि अपडेट आपण ठरवू तेव्हाच होतं.

तलावपाळी

मी थर्ड इयरला आहे, म्हणजे पारसिककाकांच्या मुलांच्याच वयाचा. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी लेझीव्हिम हा निओव्हिमचा तयार सेटअप टाकलाय. फर्निश्ड फ्लॅटसारखा आहे, बॅग घेऊन राहायला जा. पण खिळा कुठे ठोकायचा आणि वायर कुठून गेलीय हे कुणालाच माहीत नाही.

मला मधला रस्ता आवडला तो किकस्टार्ट या निओव्हिमच्या नमुना कॉन्फिगचा. एकच लांब फाइल आणि प्रत्येक ओळीवर कॉमेंट. ती वाचण्यासाठीच लिहिलीय. वाचत गेलो, नको ते काढत गेलो. एक अडचण: मिंट २२ च्या भांडारात निओव्हिम ०.९ आहे आणि किकस्टार्टला नवीन लागतो, त्यामुळे अ‍ॅपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) वेगळी उतरवावी लागते.

घणसोली_लोकल

रात्री लिहितो म्हटलं होतं, तोवर सगळ्यांनी सगळं लिहिलं. एकच भर: व्हिम नुसता उघडा, युगांडातल्या मुलांना मदत करा असा संदेश दिसतो. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम पहिल्यांदा प्रसिद्ध केला, ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले, आणि इतकी वर्षं त्यांनी या सॉफ्टवेअरचे पैसे मागितले ते किबालेच्या मुलांच्या शाळेसाठी आणि औषधांसाठी. रविवारी शिकवणाऱ्यांनी हे मुलांना नक्की सांगावं.

पारसिक

सगळ्यांचे प्रतिसाद मित्राला वाचून दाखवले. आमचं असं ठरलंय.

सगळ्यांना केट. खारघर यांचा देवनागरीचा मुद्दा निर्णायक ठरला. निओव्हिम मला कितीही प्रिय असला तरी मराठी कॉमेंटसाठी टर्मिनल योग्य नाही. ४ जीबीचा प्रश्न एडिटरपेक्षा लँग्वेज सर्व्हरचा जास्त आहे, कारण मेमरी तोच खातो. त्यामुळे पहिले काही रविवार सर्व्हर बंद. एरर वाचायची ती कंपायलरची. मग एक दिवस तोच प्रोग्रॅम क्लँगडी लावून उघडायचा आणि फरक बघायचा. वागळे, ‘खटकायला आधी माहीत हवं’ हा तुमचा आक्षेप यात सुटतो असं वाटतं.

गिट आणि स्टो पहिल्याच दिवशी. सोबत एडिटरकॉन्फिगची छोटी फाइल, स्पेस आणि इंडेंट त्यात लिहिलेले, म्हणजे कुणी पुढे इमॅक्सकडे गेलं किंवा व्हीएसकोडियमकडे, तरी कोड सारखाच दिसेल. साधा व्हिम शेवटच्या अर्ध्या तासात, व्हिमट्यूटर हा त्याच्यासोबत येणारा धडा चालवून. कळा बदलायच्या नाहीत, कॅप्स लॉक सोडून.

वागळे_इस्टेट

चालेल, पण डीबगर राहिला. केटला जीडीबीचं प्लगइन आहे, ब्रेकपॉइंट लावता येतात, व्हेरिएबल बाजूला दिसतात. तो तास मी घेतो. मला मुलांना पॉइंटर डोळ्यांसमोर हलताना दाखवायचाच आहे. कळवा स्टेशनपासून हॉल कुठल्या बाजूला?

पारसिक

पूर्वेला, चालत पाच मिनिटं. पत्ता व्यनि करतो. सी च्या फाइली डीबग माहितीसह कंपाइल करायचं मुलांना आधीच शिकवून ठेवतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

नेरूळची_सई

पायथनच्या मुलांसाठी कुणी आहे का? नसेल तर ट्रान्सहार्बरने मीही येते. इमॅक्सचा प्रचार करणार नाही, शब्द देते. :)